टेकाड किल्ल्याचं आहे, हे ठरवायचं कसं?

इंग्लंडच्या ऑर्डनन्स सर्व्हे नकाशांवर गावाच्या कडेला, चर्चच्या मागे किंवा नदीच्या वळणावर कधी कधी गॉथिक वळणाच्या अक्षरांत एकच शब्द छापलेला दिसतो: ‘मॉट’. जागेवर जावं तर समोर एक गवताळ टेकाड असतं. पाच-सात मीटर उंच, माथा सपाट, पायथ्याशी बुजत आलेला खंदक, उतारावर चरणाऱ्या मेंढ्या. दगडाचा एक चिरा नाही, दरवाजा नाही, तट नाही. तरीही हा एके काळचा किल्ला असतो.

काही टेकाडांच्या बाबतीत मात्र नकाशाही इतकं ठामपणे बोलत नाही. तिथे नुसतं ‘टेकाड’ लिहिलेलं असतं आणि त्या परगण्याच्या पुरातत्त्व नोंदीत एक सावध ओळ असते: मध्ययुगीन किल्ल्याचं संभाव्य टेकाड. अभ्यासकांनी काम अर्धवट सोडलं म्हणून ही ओळ अशी आहे, असं वाटण्याचा संभव आहे. पण बहुतेक वेळा ती फार प्रामाणिक असते. मातीच्या ढिगाचा आकार पाहून त्याचं वय सांगता येत नाही, आणि ही साधी गोष्ट मान्य करायला ब्रिटनमधल्या विद्वानांना शंभर-सव्वाशे वर्षं लागली आहेत.

आधी मुळात हा किल्ला कसा असायचा ते पाहू.

किल्ला म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कडा, तट आणि दगडी बुरूज येतात. अकराव्या शतकात फ्रान्सच्या नॉर्मंडीतून आलेल्या सरदारांचा नेहमीचा किल्ला माती आणि लाकडाचा होता. गोलाकार खंदक खणायचा, निघालेली माती मधोमध टाकत, चोपत वर न्यायची आणि माथा सपाट करायचा. माथ्याच्या कडेने मेढेकोट, मध्ये लाकडी बुरूज. हे झालं मॉट. त्याला लागून खालच्या अंगाला खंदक आणि बांधाने वेढलेलं मोठं आवार असे, त्याला बेली म्हणतात. घोडे, कोठार, भटारखाना, लोहारकाम, शिपायांची घरं, प्रार्थनेची जागा, असं सगळं बेलीत. बालेकिल्ला आणि माची यांचं नातं आठवलं की ही रचना लगेच कळते. मात्र इथला बालेकिल्ला डोंगराने दिलेला नाही, तो माणसांनी माती वाहून उभा केलेला आहे.

१०६६ मध्ये विल्यमने इंग्लंड जिंकलं, ते मूठभर नॉर्मन लोकांच्या बळावर. जिंकलेल्या, चिडलेल्या मुलखात त्यांना रात्री निर्धास्त झोपता यावं, घोडेस्वारांची तुकडी ठेवता यावी आणि रस्ता किंवा नदीचा उतार ताब्यात राहावा यासाठी असे किल्ले लागत. दगडी बांधकामाला वर्षं आणि कसबी गवंडी लागतात. माती-लाकडाला फावडी आणि वेठीला धरलेली माणसं पुरतात. यॉर्कमध्ये १०६९ च्या बंडानंतर दुसरा किल्ला आठ दिवसांत उभारला, असं ऑर्डेरिक व्हिटालिस हा बाराव्या शतकातला इतिहासकार सांगतो. या विजयाची कथा सांगणाऱ्या बायूच्या प्रसिद्ध भरतकामाच्या पटावर हेस्टिंग्जचा किल्ला रचणारे मजूर दिसतात. हातात फावडी आहेत, टेकाडावर आडवे रंगीत पट्टे भरलेले आहेत, आणि त्यातले दोघे तर एकमेकांच्या डोक्यात फावडी घालत आहेत.

ही माती कोणी वाहिली आणि कोणाच्या जागेवर टाकली, हेही सांगायलाच हवं. १०८६ च्या डोम्सडे या महसुली पाहणीत लिंकनच्या किल्ल्यापायी १६६ घरं गेल्याची नोंद आहे, केंब्रिजमध्ये २७. त्याच काळातल्या इंग्रजी बखरीत एक तक्रार आहे: राजाच्या माणसांनी देशभर किल्ले बांधले आणि गरिबांना छळलं. गवताखाली शांत दिसणाऱ्या या ढिगांखाली कुणाची तरी घरं आणि परसबागा असू शकतात.

पुढे ११३५ ते ११५३ या काळात स्टीफन आणि मटिल्डा यांच्यात गादीसाठी यादवी झाली आणि सरदारांनी राजाच्या परवानगीची वाट न पाहता किल्ले उभारले. केंब्रिजशरमधल्या बर्वेल गावात या यादवीचा विलक्षण पुरावा शिल्लक आहे. ११४४ मध्ये तिथे राजाचा किल्ला बांधून होत होता. बंडखोर सरदार जेफ्री द मँडव्हिल त्यावर चालून आला, बाण लागून जखमी झाला आणि त्यातच मेला. धोका टळला, काम थांबलं. खंदकातून काढलेली माती ज्या ढिगांत टाकली होती ते ढीग आजही तसेच पडलेले आहेत, आणि किल्ल्यासाठी मोडलेल्या घरांच्या वाड्यांच्या खुणाही शेजारी दिसतात.

पण बर्वेलला नाव आहे, साल आहे, मेलेला सरदारही आहे. बहुसंख्य टेकाडांना यातलं काहीच नाही. एकट्या इंग्लंडमध्ये सहाशेहून अधिक मॉट किल्ल्यांची नोंद आहे, तर डोम्सडेत जेमतेम पन्नासेक किल्ल्यांचा उल्लेख येतो. छोट्या जहागीरदाराने वीस-तीस वर्षं वापरून सोडून दिलेल्या लाकडी किल्ल्याबद्दल कोणी कागद लिहिलाच नाही. लाकूड कुजलं, खंदक गाळाने भरला, नाव विसरलं गेलं. उरली ती माती. संशयाचं मूळ इथे आहे.

रेल्वेचा अभियंता आणि न्यूनहॅमची विद्यार्थिनी

एकोणिसाव्या शतकात ही टेकाडं नॉर्मन आहेत हेच मुळी कोणी धरून चालत नव्हतं. त्या काळातला किल्ल्यांचा सर्वांत मोठा जाणकार होता जॉर्ज टी. क्लार्क. हे नाव मुंबईकरांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण १८४० च्या दशकात हाच माणूस मुंबई इलाख्यात अभियंता म्हणून काम करत होता आणि ज्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला धावली, तिच्या सुरुवातीच्या पाहणीत आणि आखणीत त्याचा मोठा वाटा होता. इथली हवा न मानवल्याने तो परतला. पुढे वेल्समधल्या डाउलेसच्या मोठ्या लोखंडी कारखान्याचा कारभार त्याने सांभाळला आणि उरलेला वेळ किल्ल्यांना दिला.

क्लार्कने शेकडो जागा स्वतः हिंडून मोजल्या. रेल्वेच्या भरावांवर काम केलेला माणूस, त्याला मातीकाम कळत होतं. त्याच्या मोजमापांबद्दल मला नितांत आदर आहे. पण त्याने काढलेला निष्कर्ष चुकीचा होता. दहाव्या शतकात राजा एडवर्ड आणि त्याची बहीण एथेलफ्लेड यांनी डॅनिश आक्रमकांविरुद्ध ‘बर्ह’ बांधल्याच्या नोंदी जुन्या इंग्रजी बखरीत आहेत. क्लार्कने ठरवलं की हे बर्ह म्हणजेच ही टेकाडं, म्हणजे ती नॉर्मनपूर्व, अँग्लो-सॅक्सन काळातली. त्याच्या शब्दाला इतकं वजन होतं की नकाशांपासून स्थानिक इतिहासांपर्यंत सगळीकडे तेच छापलं जाऊ लागलं.

हे मत मोडून काढण्यात सर्वांत मोठा वाटा एला आर्मिटेज यांचा. केंब्रिजमधलं न्यूनहॅम हे स्त्रियांसाठी निघालेलं कॉलेज. तिथल्या अगदी सुरुवातीच्या विद्यार्थिनींपैकी त्या एक. त्यांनी प्रश्न उलट बाजूने विचारला. बर्ह कशासाठी होते? आसपासच्या सगळ्या लोकांनी संकटात आत यावं यासाठी. म्हणजे ती तटबंदीची गावं होती. मग वीस-तीस पावलांचा माथा असलेल्या टेकाडावर अख्खं गाव कसं मावणार? ही जागा एका सरदाराची, त्याच्या कुटुंबाची आणि काही हत्यारबंद माणसांची. शेजाऱ्यांना आत घेण्याऐवजी शेजाऱ्यांपासून स्वतःला वाचवायची. नंतर त्यांनी कागदपत्रांतून अकराव्या शतकात निश्चित अस्तित्वात असलेल्या किल्ल्यांची यादी केली आणि एकेका जागी काय शिल्लक आहे ते तपासलं. त्यातल्या बहुसंख्य जागी मॉट निघालं. उलट ज्या गावांत बर्ह बांधल्याची नोंद होती तिथे मॉट असेलच असं काही दिसेना. १९०० च्या सुमारास त्यांनी हे मांडायला सुरुवात केली आणि १९१२ मध्ये ते सविस्तर पुस्तकरूपाने आलं. जे. एच. राउंडसारखे इतिहासकारही याच मताचे होते. आयर्लंडमधल्या टेकाडांबद्दल गॉडर्ड ऑर्पेन यांनीही तसाच युक्तिवाद केला. हेरफर्डशरमध्ये नॉर्मन विजयाच्या आधीचे, १०५१ च्या सुमाराचे दोन-तीन किल्ले आहेत खरे, पण तेही अकराव्या शतकातल्या राजा एडवर्डच्या (वर आलेला दहाव्या शतकातला एडवर्ड वेगळा) नॉर्मन मित्रांनीच बांधलेले.

आर्मिटेज बरोबर होत्या. आणि मला त्यांच्या कामातलं सर्वांत मोठं वाटतं ते हे की त्यांनी टेकाडाकडे पाहून त्याचं वय सांगण्याऐवजी टेकाडाचा उपयोग काय, हे आधी विचारलं.

पण त्यांच्या विजयानंतर एक नवी सवय लागली. सपाट माथ्याचं, खंदक असलेलं गोल टेकाड दिसलं की ते नॉर्मन मॉट, असं गणितच होऊन बसलं. एकूण हजारभर टेकाडांबद्दल खरं असलेलं विधान एका विशिष्ट टेकाडाबद्दल खरं असेलच असं नाही. पुढच्या काळातला सगळा गोंधळ या फरकातून आला.

सारखी दिसणारी टेकाडं

गोल टेकाड बांधण्याची कारणं माणसाकडे किल्ल्यापेक्षा किती तरी जास्त आहेत. सर्वांत जुनी कांस्ययुगातली दफनटेकाडं, म्हणजे चार हजार वर्षांपूर्वीपासूनची. ती बहुधा बुटकी असतात आणि माथा घुमटासारखा असतो, पण मधोमध खजिना शोधायला कोणी खणून गेलं असेल तर माथा खचून सपाट भासतो. मग पवनचक्क्यांची टेकाडं. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून इंग्लंडमध्ये खांबावर फिरणाऱ्या लाकडी पवनचक्क्या आल्या. त्यांचा खांब दोन आडव्या तुळयांच्या फुलीवर उभा असे आणि वादळात चक्की कोलमडू नये म्हणून ती फुली मातीच्या ढिगात गाडत. चक्की गेली, तुळया कुजल्या, पण वरून पाहिलं तर माथ्यावर फुलीच्या आकाराची खाच उरते. ती दिसली की निकाल बराचसा लागतो. अडचण अशी की पडीक मॉटवरच पुढे पवनचक्की उभी राहिल्याचीही उदाहरणं आहेत. फुकटात उंचवटा मिळाला तर चक्कीवाला तो का सोडेल?

त्याखेरीज सोळाव्या-सतराव्या शतकातल्या श्रीमंतांच्या बागांमध्ये मुद्दाम रचलेली टेकाडं असत. वर जायला वळणावळणाची वाट आणि माथ्यावर बसायची जागा, तिथून बागेची नक्षी पाहायची. यादवी युद्धातल्या, म्हणजे १६४० च्या दशकातल्या तोफांचे मातीचे चौथरे आहेत. लोकांनी न्यायनिवाड्यासाठी जमण्याची टेकाडं आहेत. आणि शेवटच्या हिमयुगात वितळत्या बर्फाने टाकून दिलेले वाळू-खडीचे निसर्गनिर्मित उंचवटे आहेत, जे कधी कधी इतके घाटदार असतात की माणसाने घडवलेत असंच वाटावं. तिथेही प्रश्न सुटत नाही. नॉर्मन मुकादमाला असा तयार उंचवटा मिळाला तर तो कडा तासून, माथा सपाट करून त्याचा अर्ध्या मेहनतीत किल्ला करी. म्हणजे भूगर्भशास्त्रज्ञाने ‘हे नैसर्गिक आहे’ म्हटल्यावरही ‘हा किल्ला होता’ हे खरं असू शकतं.

म्हणून जाणकार मंडळी टेकाडाकडे एकटं पाहत नाहीत. त्याच्या सोबतीला काय आहे ते पाहतात. शेजारी बेलीचे बांध आहेत का? मध्ययुगीन चर्च हाकेच्या अंतरावर आहे का? कारण जहागीरदार आपला वाडा आणि चर्च जवळजवळ ठेवी. नदीचा उतार, जुना रोमन रस्ता, खिंड यांपैकी काही नजरेच्या टप्प्यात येतं का? शेताचं किंवा गल्लीचं जुनं नाव काय? गावाच्या मालकीचे जुने कागद कोणत्या घराण्यापर्यंत मागे जातात? बेली, चर्च आणि जहागिरीचं केंद्र ही तिन्ही एकत्र आली तर शंका खूप कमी होते. उघड्या रानात, उंच वाऱ्याच्या जागी, एकटंच बुटकं टेकाड असेल तर पवनचक्कीचा संशय आधी घ्यावा.

पाहणीची साधी हत्यारं आजही तीच आहेत: फीत, खुंट्या, पातळी मोजायचं यंत्र आणि उताराची दिशा दाखवणाऱ्या, वर जाड आणि खाली निमुळत्या होत जाणाऱ्या रेघांनी काढलेला नकाशा. हिवाळ्यात, सूर्य खाली असताना, हातभर उंचीचा बांधही लांब सावली टाकतो, म्हणून पाहणीला तो काळ उत्तम. गेल्या काही वर्षांत लायडारने मोठी मदत केली आहे. विमानातून लेझरचे कोट्यवधी ठोके जमिनीवर सोडतात, पानाफांद्यांमधून खाली पोचलेले ठोके संगणक वेगळे काढतो आणि जंगल नाहीसं होऊन उघड्या जमिनीचं चित्र समोर येतं. इंग्लंडच्या पर्यावरण खात्याने ही माहिती सर्वांसाठी मोफत खुली केली, आणि घरबसल्या संगणकावर बांध आणि खंदक शोधणारे हौशी अभ्यासक पुष्कळ झाले. मात्र लायडार सांगतं ते आकाराबद्दल. वयाबद्दल ते एक अक्षर बोलत नाही.

माती उघडल्यावर

वय हवं तर मातीत शिरावं लागतं. १९४९ मध्ये सरे परगण्यातल्या अबिंजर इथे ब्रायन होप-टेलर यांनी मॉटचा माथा काळजीपूर्वक उघडला. लाकूड कधीच गेलं होतं, पण खांब जिथे पुरले होते तिथली माती वेगळ्या रंगाची होती. त्या डागांवरून माथ्याच्या कडेचा मेढेकोट आणि मध्ये चौरस बुरूज अशी मांडणी स्पष्ट झाली. भरतकामातल्या चित्रांना जमिनीतून दुजोरा मिळाला.

वेल्सच्या सीमेवर माँटगमरीजवळ हेन डोमेन नावाची जागा आहे. १०७० च्या दशकात रॉजर द माँटगमरी याने बांधलेला हा किल्ला. फिलिप बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० पासून तीन दशकांहून अधिक काळ उन्हाळ्यामागून उन्हाळे तिथे उत्खनन केलं, तेही कुदळीने खड्डे न मारता, पृष्ठभाग हळूहळू खरवडत. बेलीचा एक भाग पूर्ण उलगडायला इतका काळ लागला. निघालं काय? एकमेकांना खेटून दाटीवाटीने उभ्या असलेल्या लाकडी इमारती, त्या पुन्हापुन्हा मोडून बांधल्याच्या खुणा, आणि वस्तू मात्र अगदी थोड्या. सीमेवरच्या या किल्ल्यातलं जगणं खडतर आणि साधं होतं. मॉटच्या अभ्यासात हेन डोमेनइतकं शिकवणारी जागा मला दुसरी दिसत नाही. वर उभं राहून पाहिलं तर जिथे गवताशिवाय काहीच नाही, तिथे खाली सगळा वाडा नोंदलेला होता. घाईने दोन चर मारून गेलेल्या माणसाला ‘इथे काही नाही’ असंच वाटलं असतं.

पण तीस वर्षं प्रत्येक टेकाडाला देता येत नाहीत. शिवाय उत्खनन म्हणजे पुरावा वाचताना तो नष्टही करणं. म्हणून टेकाडाला फारसा धक्का न लावता वय काढण्याचा मार्ग शोधला गेला: माथ्यावरून थेट तळापर्यंत अरुंद छिद्र पाडायचं आणि मातीचा सलग दांडा बाहेर काढायचा. त्या दांड्यात टेकाडाचे थर क्रमाने दिसतात. सर्वांत खाली, टेकाड रचण्याआधीची जुनी जमीन सापडली तर तिच्यातले परागकण त्या वेळी आसपास रान होतं की कुरण, तेही सांगतात. आणि मध्येच कोळशाचा कण, काटकी, हेझलच्या फळाचं कवच असं काही मिळालं तर रेडिओकार्बन पद्धतीने त्याचं वय काढता येतं. जिवंत वनस्पती हवेतला कार्बन-१४ घेत असते. ती मेली की नवा कार्बन येणं थांबतं आणि आतला ठरावीक गतीने घटत जातो, ५,७३० वर्षांत निम्मा. किती उरला यावरून मृत्यूचा काळ कळतो.

इथे एक सापळा आहे आणि तो समजून घेतल्याशिवाय पुढचं काही समजणार नाही. टेकाडात सापडलेला कोळसा टेकाडाच्या वयाचा असतोच असं नाही. नॉर्मन मजुराने खंदक खणताना दोन हजार वर्षांपूर्वीच्या चुलीचा कोळसा फावड्याने उचलून वर टाकलेला असू शकतो. तेव्हा जुना कण सापडला म्हणजे टेकाड जुनं, असा निष्कर्ष काढता येत नाही. उलट मात्र काढता येतो: टेकाडाच्या गाभ्यात, बिळांनी किंवा मुळांनी न ढवळलेल्या थरात बाराव्या शतकातला कण सापडला तर ते टेकाड बाराव्या शतकाआधीचं असूच शकत नाही. टेकाड खरोखर प्राचीन आहे असं म्हणायला वेगवेगळ्या उंचीवरचे अनेक नमुने हवेत, त्यांची वयं जुळायला हवीत, आणि त्यांत नंतरचं काही मिसळलेलं नको. कोळसाही शक्यतो बारीक फांदीचा हवा. ओकच्या गाभ्यातलं लाकूड झाड तोडण्याच्या वेळीच दोन-तीनशे वर्षांचं असू शकतं.

मार्लबरो आणि स्किप्सी

विल्टशरमधल्या मार्लबरो कॉलेज या शाळेच्या आवारात सुमारे १९ मीटर उंचीचं टेकाड आहे. तिथे नॉर्मन राजांचा किल्ला होता याबद्दल कोणाच्याही मनात शंका नव्हती, कागदपत्रं भरपूर आहेत. ११८९ मध्ये पुढे राजा झालेल्या जॉनचं लग्न तिथे झालं. १२६७ चा मार्लबरोचा कायदा त्याच गावात झाला आणि त्याची काही कलमं आजही इंग्लंडमध्ये लागू आहेत. किल्ला ओसाड पडल्यावर सतराव्या शतकात टेकाड एका हवेलीच्या बागेत आलं, त्याला वर चढणारी वळणावळणाची वाट कोरली गेली, पुढे पायथ्याशी शिंपल्यांनी मढवलेली कृत्रिम गुहा झाली. जादूगार मर्लिन याच ढिगाखाली पुरला आहे अशी लोककथा तर मध्ययुगापासूनची. इथून आठेक किलोमीटरवर सिल्बरी हिल आहे, सुमारे ३० मीटर उंचीचं नवाश्मयुगीन टेकाड, प्रागैतिहासिक युरोपातलं सर्वांत मोठं मानवनिर्मित टेकाड. मार्लबरोचं टेकाडही त्याच काळातलं असावं, असं काही जण म्हणत आले होते. पुरावा नव्हता.

२०१० मध्ये जिम लिअरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माथ्यापासून तळापर्यंत छिद्रं पाडली. वेगवेगळ्या खोलीवरच्या कोळशाच्या चार नमुन्यांचं वय काढलं आणि २०११ मध्ये निकाल जाहीर झाला: इ.स.पू. २४०० च्या आसपास. सिल्बरीचंच समवयस्क! नॉर्मन लोकांनी हे टेकाड बांधलंच नव्हतं. साडेतीन हजार वर्षं जुना डोंगरासारखा ढीग त्यांना तयार मिळाला आणि त्यांनी त्यावर किल्ला चढवला. मॉट म्हणून ते खरंच होतं, फक्त नॉर्मन नव्हतं. स्कॉटलंडच्या नैर्ऋत्येला ड्रॉडिल इथलं टेकाड याआधीच असं उलटं निघालं होतं. मॉट म्हणून त्याची नोंद होती. २००२ च्या उत्खननात माथ्यावरच्या वाळूतल्या कणांवर शेवटचा सूर्यप्रकाश कधी पडला ते मोजलं आणि टेकाड नवाश्मयुगापर्यंत मागे गेलं.

मार्लबरोनंतर साहजिक प्रश्न उभा राहिला. आणखी किती मॉट अशी निघतील? लेव्हरह्यूम ट्रस्टच्या मदतीने रेडिंग विद्यापीठाच्या लिअरी आणि इलेन जेमिसन यांनी इंग्लंडभरातली वीस टेकाडं निवडून छिद्रं पाडली. बहुतेक टेकाडं मध्ययुगीनच ठरली. एला आर्मिटेज यांचं मत शंभर वर्षांनी, मातीच्या पुराव्यावर, पुन्हा एकदा खरं ठरलं. पण यॉर्कशरच्या पूर्व किनाऱ्याजवळच्या स्किप्सीने सगळ्यांना चकित केलं.

स्किप्सीचं टेकाड १३ मीटर उंच, ८५ मीटर रुंद. विल्यमच्या सैन्यातल्या ड्रोगो नावाच्या सरदाराने १०८६ च्या आसपास हा किल्ला उभारला. १२२१ मध्ये तिथल्या सरदाराने बंड केलं तेव्हा राजा तिसऱ्या हेन्रीने तो पाडायचा हुकूम दिला. मोठी बेली, खंदक, तळ्याचं संरक्षण, कागदोपत्री नोंदी, सगळं व्यवस्थित. संशय घ्यायला जागाच नव्हती. २०१६ मध्ये जाहीर झालेल्या निकालानुसार टेकाड मात्र लोहयुगातलं आहे, सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीचं, म्हणजे ड्रोगो तिथे पोचला तेव्हा ते पंधराशे वर्षं जुनं होतं. ब्रिटनमध्ये लोहयुगातलं एवढं मोठं टेकाड दुसरं माहीतच नव्हतं; जर्मनीतल्या त्या काळच्या सरदारांच्या भव्य दफनटेकाडांशी त्याची तुलना झाली.

या दोन जागांनी मला एक गोष्ट पटवून दिली. ‘मॉट आहे की नाही’ आणि ‘टेकाड कधी रचलं’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर वापरावरून मिळतं, दुसऱ्याचं मातीतून. नोंदीत ‘संभाव्य’ लिहिलेलं असतं तेव्हा यातला नेमका कोणता प्रश्न उघडा आहे ते आधी पाहावं. काही जागी टेकाड मध्ययुगीन असल्याची खात्री असते पण ते किल्ल्याचं की चक्कीचं हे ठरत नाही. काही जागी वापर ठाऊक असतो आणि वय नाही.

व्यवहारातही याला महत्त्व आहे. इंग्लंडमध्ये राष्ट्रीय महत्त्वाच्या प्राचीन जागांना १९७९ च्या कायद्याने संरक्षण मिळतं. तिथे परवानगीशिवाय खणणं, भर टाकणं, धातुशोधक यंत्र फिरवणं हा गुन्हा आहे. पण ज्यांच्याबद्दल पुरेशी खात्री नाही अशी अनेक टेकाडं या यादीत नाहीत. त्यांचा आधार म्हणजे परगण्याची पुरातत्त्व नोंद आणि बांधकाम परवानगीच्या वेळी ती नोंद वाचणारा अधिकारी. नांगर दर वर्षी थोडी थोडी माती ओढून नेतो, ससे आणि बॅजर बिळं पाडून थर ढवळतात, वादळात उन्मळणारं झाड मुळांबरोबर पुराव्याचा मोठा गोळा उपसून टाकतं. मार्लबरोच्या टेकाडावरची झाडं आणि वेली याच कारणाने काळजीपूर्वक कमी कराव्या लागल्या. खात्री नाही म्हणून एखादं टेकाड सपाट होऊ दिलं, तर खात्री करून घेण्याची सोय कायमची जाते. स्किप्सीबद्दल तर खात्री होती आणि तरीही खरं उत्तर आतच होतं.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या किंवा तिथे फिरायला जाणाऱ्या मराठी मंडळींना यातली बरीच टेकाडं सहज पाहता येतात. स्किप्सीची जागा इंग्लिश हेरिटेज या संस्थेच्या देखरेखीखाली आहे. यॉर्कमधल्या क्लिफर्ड्स टॉवरचा दगडी बुरूज नंतरचा, तेराव्या शतकातला. त्याच्या खालचं टेकाड पाहायला विसरू नका. गेलात की आधी वर चढू नका, पायथ्याने पूर्ण एक फेरी मारा. खंदक कुठे तुटतो, बेलीचा बांध कुठून निघतो, चर्च कोणत्या बाजूला आहे, ते खालूनच कळतं. मग आखलेल्या वाटेनेच वर जा, उताराने नको. पावलांनी गवत गेलं की पावसात माती सुटते.